फोटोतले हाड

आत्याला खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली न्यायचे, हे आदल्या दिवशीच ठरले होते. खुर्ची कोणती, यावर सकाळी वाद झाला. दादाने कारखान्यातून हातांची, रुंद पाठीची खुर्ची वर आणून ठेवली होती. स्वतः केलेली, म्हणून विश्वासाची. धाकटा तिला नुसता हात लावून म्हणाला, ही रिकामीच दोघांना पुरून उरेल, वर आत्याला कशाला बसवतोस. त्यावर आत्या पलंगावरून म्हणाली, माझं वजन आता उरलंय किती, रिकामीच नेतोय असं समजा.

कुणी हसले नाही. वहिनीला हसू येत होते, पण ताई समोर उभी होती म्हणून तिने ते गिळले.

ताई काल संध्याकाळी आली. आल्या आल्या हातपाय धुऊन आत्याची चादर बदलायला गेली आणि तिला आत्याच्या कमरेखाली पडलेली जखम दिसली.  मग जेवताना ताटाकडे बघत म्हणाली, "कारखान्यातलं लाकूडसुद्धा वाकू नये म्हणून तुम्ही रोज उलटंसुलटं करता."

वहिनीने ते ऐकले, आणि तेव्हापासून ते तिला सलत होते. दीड महिना आत्याला या कुशीवरून त्या कुशीवर तिनेच वळवले होते. भांडे द्यायचे तिने, अंग पुसायचे तिने, पावडर लावायची तिने. खालच्या खोलीत खुर्च्यांच्या गाद्या शिवायचे काम तिचे होते. ते बाजूला पडले, गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. ताई रोज फोन करायची, आत्या कशी आहे विचारायची, बरी आहे ऐकले की ठेवायची. आणि आता ही येऊन लाकडाचा दाखला देते. वहिनीने मनाशी ठरवून टाकले होते, आज जे होईल ते होवो, आपण मध्ये पडायचे नाही.

आत्या खरे तर या तिघांच्या वडिलांची बहीण. आई गेली तेव्हा धाकटा रांगत होता. तेव्हापासून तिघांना वाढवले आत्याने, आणि वाढवता वाढवता कारखान्यातले पॉलिशही सांभाळले. तिने घासलेल्या टेबलावर माणसाचा चेहरा दिसायचा. ती कुणाची आई नव्हती, त्यामुळे तिला सांभाळणे नेमके कुणाकडे, हे या घरात कधी कुणी बोलून ठरवले नव्हते. ठरवायची वेळच आली नव्हती. मग एका सकाळी ती पलंगावरून उठली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खाली आपटली. खुब्याजवळ मांडीचे हाड मोडले.

मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झाले. आत स्टील घातले आणि चार दिवसांत घरी सोडले, कारण पलंग हवा होता. सोडताना डॉक्टर फेरीवर होते. चालता चालता म्हणाले, "पायाची काळजी घ्या. पडू देऊ नका. दीड महिन्यानं दाखवायला आणा."

हे शब्द दादाने सुताराच्या कानांनी ऐकले. त्यांच्या कारखान्यात वडिलांच्या वेळेपासून एक रीत आहे. सरस लावून सांधा जोडला की तो शिकंज्यात आवळायचा आणि त्या वस्तूवर खडूने फुली मारायची. फुली असेपर्यंत त्या खुर्चीवर कुणी बसायचे नाही, टेकायचे नाही, सदरासुद्धा टांगायचा नाही. दादा घरी आला आणि त्याने आत्याच्या पलंगाच्या पायावर खडूने फुली मारली. मारताना तो हसला होता. पण ती थट्टा नव्हती, आणि घरात ती कुणी थट्टा समजलेही नाही. आत्याने तर नाहीच. तिच्या उमेदीत ओल्या सांध्याच्या स्टुलावर टेकलेल्या एका कारागिराला तिने पॉलिशची चिंधी घेऊन अंगणभर पळवले होते. त्यामुळे पाय हलवावासा वाटला की ती स्वतःलाच दटावायची, गप पड, सांधा धरू दे.

अशी ती पडून राहिली. दीड महिना, घरातल्या सगळ्यांच्या मायेने.

*

गाडी धाकट्याची होती. त्याचे चष्म्याचे दुकान. डोक्यावर केस उरले नव्हते तरी घरात त्याला अजून छोट्याच म्हणत. आत्याला पुढे बसवले, मागे बाकीचे तिघे. वडील गेल्यापासून ही भावंडे एका गाडीत बसली नव्हती, आणि गुडघ्याला गुडघा लागत असूनही एकमेकांना लागणार नाही असे बसायचा प्रयत्न चालला होता.

छोट्याला एक गोष्ट सांगायची होती आणि ती गाडी चालवताना सांगणे त्याला बरे वाटत होते, कारण कुणाच्या तोंडाकडे बघावे लागत नाही. त्याने एका वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली होती. स्वच्छ होती, तळमजल्यावर होती, चोवीस तास बाई होती. आज डॉक्टरांनी बघितले की तिकडून परस्पर आत्याला तिथे न्यायचे. वहिनीला ठाऊक होते. दादाने "बघू" म्हटले होते. दादाचे बघू म्हणजे नाही म्हणायचा कंटाळा. ताईला कुणी सांगितले नव्हते.

ताई ऐकून म्हणाली, तुम्ही एवढं ठरवून मोकळे झालात, मला फक्त उचलायला बोलावलंत का? छोट्या म्हणाला, तू ने की मग तुझ्याकडे. ताईचे घर तिसऱ्या मजल्यावर आणि ती दिवसभर बसस्थानकात चौकशीच्या खिडकीत.  मग ती दादावर घसरली. तुझ्या डोळ्यांदेखत हे चाललंय आणि तू रंधा मारत बसलायस. दादा म्हणाला, मी तिला पाडायला नाही दिलं. ताई म्हणाली, उठूच दिलं नाहीस तर पडणार कशी.

वहिनी खिडकीबाहेर बघत राहिली. छोट्या आरशातून तिच्याकडे बघत होता, तिने दोन शब्द बोलावेत म्हणून. 

"मी पुढेच बसलेय," आत्या म्हणाली. "ऐकू सगळं येतंय. मोडलंय ते खाली."



*

बाकांवर माणसे दाटीने बसली होती. बहुतेक म्हातारी. कुणाचा हात गळ्यात, कुणाचा पाय फळीवर. आत्याला इस्पितळाच्या चाकांच्या खुर्चीत बसवले होते. ती खुर्ची एका बाजूला ओढत होती, तिचे पुढचे चाक कुणीतरी तारेने बांधले होते. दादाने ते खाली वाकून बघितले आणि तोंड वाकडे केले.

आत्या इतक्या दिवसांनी माणसे बघत होती. घरात छत बघून बघून तिला त्याच्या रंगाचा पोपडा न् पोपडा पाठ झाला होता. इथे माणसे होती, त्यांची कुरकुर होती, आणि तिला त्यातही बरे वाटत होते. पण बसून बसून जखम ठणकायला लागली. तिने सांगितले नाही. सांगितले असते तर ताईने वहिनीकडे बघितले असते, आणि ते तिला नको होते. वहिनी तिला उलटी करायची तेव्हा दातओठ खायची, कधी भांडे आपटायची. पण आत्याने कधी हाक मारली आणि ती आली नाही, असे एकदाही झाले नव्हते. आत्याने हे तोंडाने कधी म्हटले नव्हते. या घरात अशा गोष्टी तोंडाने म्हणायची सवय नव्हती.

वृद्धाश्रमाचे तिने मनात उलटेपालटे करून बघितले. जायला तिची ना नव्हती. पण आडवी जायची नव्हती. स्वतःच्या पायांनी दारातून आत गेलेल्या माणसाला परत यायचीही वाट ठाऊक असते. उचलून ठेवलेले सामान ठेवले तिथेच राहते.

*

डॉक्टरांच्या खोलीत चौघेही घुसले. डॉक्टर तरुण होते, डोळे तांबारलेले. त्यांनी नवा फोटो उजेडाच्या काचेवर लावला आणि त्याच्याकडे बघून त्यांचा चेहरा उजळला.

दादाही बघत होता. पांढऱ्या हाडात सरळ गेलेला खिळा, त्याला तिरका बसलेला जाड स्क्रू, खाली आणखी एक. कुठे एक फट नाही.  काम बघून त्याला काम करणारा कळत असे, आणि हा माणूस कारागीर होता. दीड महिना त्याने जी फुली राखली, तिचे हे फळ असे त्याला वाटले. तो ताईकडे बघणार, एवढ्यात डॉक्टरांनी विचारले, "सुंदर जुळलंय. चालतात ना आता व्यवस्थित?"

"आजपासून चालायचं ना?" दादा म्हणाला. "तेच विचारायला आलोय."

डॉक्टरांनी काचेवरून नजर काढली आणि खुर्चीकडे बघितले. ही सगळी आत आल्यापासून पहिल्यांदा. आत्याच्या मांड्या लुगड्याच्या आत काठ्यांसारख्या दिसत होत्या. टाच सुजलेली. डॉक्टरांनी पायावर बोट दाबले, गुडघा वाकवून बघितला. आत्याने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"आजी, तुम्ही पडूनच होतात? एवढे दिवस?"

"हो," आत्या म्हणाली. "हलले नाही अजिबात." तिच्या आवाजात थोडा अभिमानच होता.

"अहो, दुसऱ्या दिवसापासून उभं करायचं असतं यांना. आधार देऊन, पण वजन टाकून. आम्ही स्टील त्याचसाठी तर घालतो. हाड आपोआप धरायची वाटच बघायची असती, तर कापलं कशाला असतं? तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

वहिनीने ठरवले होते मध्ये पडायचे नाही. ती म्हणाली, "तुम्ही सांगायचं होतं. आणि तुम्हीच आम्हाला विचारताय."

दादाला पुढचे नीट ऐकू आले नाही. स्टील त्याचसाठी घालतो. लोखंडी पट्टी मारलेली खुर्ची त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाला देता येते, हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. आयुष्यभर त्याने पट्ट्या मारल्या होत्या. सरस वेगळा, पट्टी वेगळी. सरसाला वेळ द्यावा लागतो, पट्टीला नाही. कुणी नुसते एवढे म्हटले असते, की मिस्त्री, आत पट्टी मारलीय, तर त्याने आत्याला दुसऱ्याच दिवशी उभी केली असती. एक वाक्य. त्यासाठी बसायलाही लागले नसते, फेरीवर चालता चालता झाले असते.

डॉक्टर सांगत होते की हे सगळं व्यायामवाले शिकवतात, तो विभाग तळमजल्यावर, दुसऱ्या टोकाला. आता स्नायू गेलेत, ते परत येतील का सांगता येत नाही, वय आहे. हाडाचं म्हणाल तर हाड उत्तम आहे.

"हाड आम्ही काय करायचं?" ताईने विचारले.

डॉक्टरांनी दाराकडे बघितले. पुढचे नाव पुकारले गेले होते.

*

ताईचे काम गेली कित्येक वर्षे एकच होते. कोण कुठे जाणार ते ऐकायचे आणि कुठली गाडी, कुठला फलाट, हे सांगायचे. चुकीचे सांगितले तर माणूस भलत्या गावाला पोहोचतो. सांगितलेच नाही तर तिथेच उभा राहतो. दोन्हींचा दोष खिडकीचा, माणसाचा नाही, हे तिला नोकरीला लागताना शिकवले होते आणि तिला ते पटले होते. म्हणून ती आत्याला बाकीच्यांजवळ ठेवून निघाली आणि खिडकी शोधत फिरली.

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आमच्याकडे गोळ्या आणि ड्रेसिंग. चालवणं आमच्याकडे नाही. मग घरी सोडताना कोण सांगतं? डॉक्टर सांगतात. डॉक्टर म्हणतात व्यायामवाले सांगतात. मग तेच सांगत असतील. सिस्टर हे बोलताना दोन सलाइनच्या बाटल्या बदलत होत्या आणि तिसरीकडून त्यांना हाक येत होती. ताईला त्यांचा राग येत होता आणि येतही नव्हता, आणि त्यामुळे तो जास्तच साठत होता.

तळमजल्यावर दुसऱ्या टोकाला व्यायामाच्या खोलीत एक बाई मिळाली. तिने शांतपणे ऐकून घेतले. वॉर्ड विचारला, खिडकीजवळचा पलंग होता का ते विचारले, मग खाली बसली.

"आठवतंय मला," ती म्हणाली. "आम्ही दोघीच आहोत, सगळ्या मजल्यांना मिळून. मी आले तेव्हा पलंग रिकामा होता. फोटोला नेलं असेल."

"मग परत?"

"परत आले तेव्हा तिथं दुसरं कुणी झोपलं होतं."

"आणि आमची आत्या गेली कुठं, असं नाही विचारलंत?"

  बाई उठली आणि म्हणाली, चला, कुठे आहेत त्या.

दोघी परत येत असताना बाहेरच्या दरवाजाजवळ एका म्हाताऱ्याला स्ट्रेचरवरून गाडीत चढवत होते. पायाला तसेच बँडेज. बरोबर त्याचा मुलगा, काखेत उशी, हातात औषधांची पिशवी. ताई थांबली. ओळख ना पाळख, तिने सरळ विचारले, यांना चालवायचं कधी, ते सांगितलं का तुम्हाला?

मुलगा गोंधळला. म्हणाला, सांभाळा म्हणाले. हलवू नका असं काही नाही म्हणाले, पण सांभाळा म्हणाले.

ताईने मागे वळून बघितले. "या," ती व्यायामाच्या बाईला म्हणाली. "हा पलंग अजून रिकामा झालेला नाही."

ती बाई स्ट्रेचरजवळ गेली. गाडीवाला घाई करत होता, तिने त्याला थांबवले. मुलाला उभे राहून सगळे सांगितले, उशी कुठे घालायची, कसे उठवायचे, आजच संध्याकाळी पलंगाच्या कडेला बसवायचे, उद्या उभे करायचे. मुलगा मान डोलवत होता. मध्येच तो म्हणाला, बरं झालं भेटलात. हे ऐकून ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भेटण्यावर होते म्हणजे. क्षणभर आधी बाहेर पडला असता तर हाही म्हातारा कुठल्यातरी मायाळू घरात छताकडे बघत पडला असता.

*

आत्यासमोर ती बाई गुडघ्यांवर बसली आणि तिने जे विचारले ते या इस्पितळात आजवर कुणी विचारले नव्हते. पडलात कशा? आत्याने अंधारीचे सांगितले. झोपेची गोळी घेता का? घेते. आणि दाबाची? तीही रात्रीच. अंधारी या गोळ्यांनीही येते, बाई म्हणाली. याआधी कधी काही मोडलं होतं?

"मनगट," आत्या म्हणाली. "इथंच प्लास्टर घातलं होतं. पाटावरून उठताना हात टेकला, तेवढ्यानं मोडलं."

वडील होते तेव्हाची गोष्ट. त्या वेळी आत्याने डाव्या हाताने पॉलिश केले होते आणि सगळ्यांनी कौतुक केले होते. पाटाएवढ्या उंचीवरून हाड मोडतेच कसे, हे कुणी विचारले नव्हते. बाई म्हणाली, तेव्हाच हाडांची तपासणी व्हायला हवी होती. हाड ठिसूळ झालं की पहिल्यांदा बहुतेक मनगट सांगतं. औषध असतं त्यावर. सुरू झालं असतं तर कदाचित खुबा वाचला असता.

छोट्या इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो घरात कुणाशी न भांडणारा म्हणून प्रसिद्ध होता. तो सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेला. बाकावरची माणसे ओरडली, नंबर आहे आमचा. तेव्हा त्याने दारातच वळून त्यांना सांगितले, का जातोय ते. त्यावर एक बाई म्हणाली, माझंही मनगटच आहे, माझं पण विचारा. मग आणखी कुणी काही म्हणाले. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांना फक्त आत्याला नाही, अख्ख्या बाकाला उत्तर द्यायचे होते.

ते म्हणाले की मनगटाचं प्लास्टर वेगळ्या विभागात होतं, ते माझ्याकडे कळत नाही.

"मनगट पण माझंच होतं की," आत्या म्हणाली.

डॉक्टर आत्याकडे वळले.  मग म्हणाले, बरोबर आहे तुमचं. त्यांनी तपासणी करायला सांगितली, औषध सुरू करू म्हणाले, गोळ्या कुणाला दाखवून बदलायच्या ते सांगितले. आवाजात खरेपणा होता. आणि तरी ताईला वाटत राहिले, की हे सगळे इतके सोपे होते तर चार माणसांना आरडाओरडा का करावा लागला. ज्यांच्याबरोबर कुणी ओरडणारे नसते त्यांचे काय होते, हे तिला समोरच्या बाकावर दिसत होते.

व्यायामाच्या बाईने चार पायांचा आधार आणला. आत्याला पुढे सरकवले, पावले जमिनीवर टेकवली. दादा सवयीने मागे गेला, बगलेत हात घालून उचलायला.

"तुम्ही उचलू नका," बाई म्हणाली. "त्या उठतील. तुम्ही फक्त पडू देऊ नका."

दादाने हात काढले. काढलेले हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

आत्या उठली. उठली म्हणजे खुर्चीपासून सुटली. गुडघे थरथरले, चेहरा पांढरा पडला, ओठ दाताखाली गेला. ती उभी होती. पाठीत वाकलेली, पण उभी. एक पाऊल टाकायला तिने पाय उचलायचा प्रयत्न केला. पाय उचलला गेला नाही. ती धपकन मागे बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आले. वडील गेले तेव्हाही ते कुणी बघितले नव्हते.

बाईने सांगितले, हे रोज करायला हवं. दिवसातून बऱ्याच वेळा. एक-दोन महिन्यांनी चालतील, कदाचित आधार घेऊन, कदाचित नाही. आठवड्यातून तीनदा इथे आणलंत तर मी बघेन.

"जिन्यावरून?" छोट्याने विचारले. "तुम्ही घरी नाही येऊ शकत?"

बाई म्हणाली, तशी व्यवस्था नाही.

"घरी सोडायची व्यवस्था आहे," वहिनी म्हणाली, "घरी यायची नाही."

तेवढ्यात छोट्याचा फोन वाजला. वृद्धाश्रमातून विचारत होते, किती वाजेपर्यंत पोहोचताय. छोट्याने फोनवर हात ठेवला आणि सगळ्यांकडे बघितले. आश्चर्य म्हणजे दादाच पहिला बोलला. म्हणाला, ने तिला. तिथे निदान शिकलेली माणसं असतील. मी तिचा पाय वाळवला. माझ्या हातात नको आता. छोट्या, ज्याने जागा शोधली होती, तो म्हणाला, अरे पण तिथे तरी उभं कोण करणार, तिथेही सांभाळतोच म्हणतात. ताई सकाळपासून वृद्धाश्रमाच्या विरुद्ध होती. तीही आता खाली बघत होती. तिला रात्रीच्या गाडीने परत जायचे होते.

आत्या कुणाकडेच बघत नव्हती. ती स्वतःच्या पावलांकडे बघत होती.

वहिनीने छोट्याच्या हातातून फोन घेतला. येत नाही म्हणून सांगितले आणि बंद केला.

"वहिनी, तुलाच तर नको होतं," छोट्या म्हणाला. "तूच म्हणाली होतीस, माझ्याच्यानं होत नाही."

"नाहीच होत." वहिनीचा आवाज चढला नाही, पण बाकावरची माणसे वळून बघू लागली. "दीड महिना मी यांना या कुशीवरून त्या कुशीवर करते आहे. माझी कंबर गेली, काम गेलं. ताई, तू मला काल लाकूड ऐकवलंस. ऐकून घेतलं. मला वाटलं, जाऊ दे, हाड तरी जुळतंय. आणि आज हे सांगतात, ते सगळं उलटं होतं. मी जेवढी मेहनत केली तेवढी यांची ताकद गेली. माझ्याकडून फुकट राबवून घेतलं, आणि उलट्या बाजूला राबवून घेतलं. आता ह्या उभ्या राहीपर्यंत मी कुणाच्या हवाली करणार नाही. मला माझे दिवस वसूल करायचेत." मग ती व्यायामाच्या बाईकडे वळली. "तुमची व्यवस्था नाही, तर आज मला सगळं शिकवल्याशिवाय मी इथून हलत नाही. आणि नडलं की विचारीन. मला नाव पुकारायची वाट बघायला लावू नका."

बाईने मान हलवली. मग तिने स्वतःचा फोन नंबर दिला. ताई म्हणाली, मी सुट्टी वाढवते.  दादा खाली बसून चाकाची तार सोडवायला लागला, कारण त्याला कुठेतरी हात घालायचा होता.

"सूनबाई," आत्या म्हणाली.

वहिनी तिच्या समोर येऊन उभी राहिली. ताईने चार पायांचा आधार सरकवून जवळ आणला. वहिनीने तो नीट लावला, आत्याची पावले सरळ केली, आणि दोन्ही हात आपल्या पाठीमागे बांधले.

"मी हात देणार नाही," ती म्हणाली.

"मागितलाय कुणी?" आत्या म्हणाली, आणि तिने खुर्चीचे हात घट्ट धरले.